पाऊण तासाची कैद

तांब्याची तार चोरल्याबद्दल रेल्वेचा गँगमन केरबा याला पाच वर्षांची कैद झाली. नव्या यंत्रात ती पाऊण तासात भोगून होई. कैद्याला मात्र एकेक दिवस पुरता जाणवे.

केरबा जेवणाच्या सुट्टीतच परतला. सगळे आल्याशिवाय जेवायचे नाही, या रिवाजाने गँग थांबली होती.

चोरीतला भागीदार, मुकादम सोपानराव, याचे नाव केरबाने कोर्टात घेतले नव्हते. "ये गड्या, लवकर सुटलास!" मुकादम ओशाळून म्हणाला.

"मुकादम, दोन वर्षं तुमची वाट बघितली. वाटलं, कबूल व्हाल."

"अरे, इथं अजून डबेसुद्धा उघडले नाहीत."

"खरंय. तुम्हाला वेळच कुठं मिळाला?"

मुकादमाने गळ्यातली शिट्टी काढून केरबाच्या हाती ठेवली आणि तो साहेबांच्या खोलीकडे निघाला.