मावशीची गॅलरी

मावशीच्या नव्या लाकडी गॅलरीत तुळया आणि खांबांचे आठ जोड होते आणि प्रत्येक जोडात सहा काळे स्क्रू. उद्या नातीच्या बारशाला तीस बायका इथेच बसणार होत्या.

"मावशी," मी म्हणाले, "हे जिप्सम बोर्ड बसवायचे ठिसूळ स्क्रू आहेत. वजनाने तुटतील."

"खिळ्यापेक्षा स्क्रू भारी, एवढं मलाही कळतं. तुझं एमएस्सी पाळण्याला बांध!"

मी एका फळीत खिळा आणि स्क्रू अर्धे बसवले आणि दोन्हींवर आडवी हातोडी मारली. खिळा वाकला. स्क्रू कट्कन तुटला.

मावशीने लगेच सुताराला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता या. आरपार जाणारे जाड नटबोल्ट आणा."

बोल्ट आवळून झाल्यावर सुताराच्या माणसांनी गॅलरीत तीस बायकांच्या वजनाला पुरतील अशी वाळूची चाळीस पोती रचली. तुळई किती वाकते ते बघायला मी खालून मोजपट्टी लावली.

"वाच गं लवकर," मावशी म्हणाली.

पोत्यांखाली तुळई दोन मिलिमीटर वाकली. पोती उतरवल्यावर वाक पुन्हा शून्य.