हँडलची ओढ

“गाडी उजवीकडे ओढते,” काका हेल्मेट काढत म्हणाले. “थोडीशीच. पण ओढते.”

मिस्त्रीने हात पुसले. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. दुसरं कोणी असतं तर त्याने गोड बोलून वाटेला लावलं असतं. पण काकांची सगळी हयात कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेलेली. सुताएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा, आणि कळला की त्यांना चैन पडायची नाही. निवृत्त झाल्यावरही मागच्या खोलीत त्यांनी छोटं लेथ मशीन थाटलं होतं, आणि त्याच्या घरघरीने काकू वैतागून जायच्या.

गाडी काकांच्या लग्नाआधीची. एकट्याची मोटारसायकल. काकूंची कंबर धरायला लागली तेव्हा मिस्त्रीनेच तिला डाव्या अंगाला साइडकार जोडली होती. नुसती जोडून भागत नाही. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा बोल्ट मागच्या भोकातून पुढच्या भोकात घेतला, चाक बोटभर पुढे गेलं, तेव्हा कुठे हँडल हलकं झालं. मग गाडी किंचित उजवीकडे कलती ठेवली. साइडकार डावीकडे ओढणार, कललेली गाडी उजवीकडे. ओढाताण बरोबरीत सुटली की गाडी सरळ.

“म्हणजे आमच्या संसारासारखंच,” काकू तेव्हा म्हणाल्या होत्या. तो सगळा हिशेब मिस्त्रीने त्यांना आत बसवून, त्यांच्या वजनावर जमवला होता.

“आजही बसूनच राहा काकू, मोजून घेतो,” मिस्त्री म्हणाला.

काकू साइडकारमध्ये बसून राहिल्या. अंगात दोन स्वेटर, वर कोट. मिस्त्रीने ओळंबा सोडला. गाडीचा कल पुन्हा वाढला होता. दोनदा त्याने तो कमी केला होता, दोन्ही वेळा जैसे थे. स्प्रिंग ठीक, चाकात हवा ठीक, बोल्ट जिथल्या तिथे. साइडकार तेवढी उचलल्यासारखी वर आली होती.

“मी जरा पाय मोकळे करून येतो,” काका म्हणाले, आणि दुखरा गुडघा सांभाळत रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले.

मिस्त्री ओळंबा गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, “काकू, वजन किती उतरलंय?”

“बायकांना वजन विचारतोस होय रे मेल्या?” काकू हसल्या. मग हसू ओसरलं. “अकरा किलो. डॉक्टर म्हणाले, आता फार काही करण्यासारखं नाही.”

“काकांना...”

“अजिबात नाही. त्यांना कळलं की गाडी बंद. मला पलंगावर निजवतील आणि उशाशी बसून राहतील. मला रविवारचा रस्ता हवाय रे. कोट घालून झाला, स्वेटर चढवून झाले, पण हे तुझं हँडल चहाडी करतंय. त्याचं तोंड बंद कर.”

मिस्त्रीने मान डोलावली. भंगारातून त्याने एक लोखंडी पट्टी शोधली, काट्यावर टाकली, अकरा किलोला कापली. कडा खरखरीतच राहिल्या. पोत्यात गुंडाळून त्याने ती सीटखाली सरकवली आणि कल पूर्वीसारखा करून टाकला.

काका परत आले, गाडीवर एक चक्कर मारून आले.

“सरळ,” ते म्हणाले. “काय होतं?”

“बुश जरा सैल झालं होतं.”

काकांनी मान डोलावली. या माणसाशी मिस्त्री पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि ते त्याला फार लागलं.

त्यानंतर दर रविवारी गाडी वर्कशॉपवरून जायची. कोटाच्या बाहीतून एक हात वर व्हायचा. तो दर आठवड्याला बारीक झालेला दिसायचा. आता तक्रार येईल, मग येईल, म्हणून मिस्त्री धास्तावलेला असायचा. आली नाही.

“हँडल काय म्हणतं काका?”

“काही नाही. सरळ.”

काकांच्या हातातली जाण गेली, मिस्त्रीच्या मनात आलं. वाईट वाटलं आणि जीव भांड्यातही पडला.

एकदा पेट्रोल पंपावर काकू भेटल्या. काका पैसे द्यायला गेले होते. “हल्ली सारखे त्या लेथवर असतात,” त्या म्हणाल्या. “बरंच आहे. माझ्याकडे बघायला सवड नाही.” बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

सातव्या महिन्यात काकू गेल्या.

तीन आठवड्यांनी काका गाडी घेऊन आले. साइडकारची सीट रिकामी होती. मिस्त्रीला तिकडे बघवेना.

“साइडकार काढ,” काका म्हणाले. “पुन्हा एकट्याची करून दे.”

“फोर्कचा बोल्टही मागच्या भोकात घेतो काका. नाहीतर एकट्या गाडीचं हँडल वेगात थरथरतं.”

“घे.”

“रिकामी साइडकार घेऊन आलात. उजवीकडे फार ओढली असेल.”

“नाही,” काका म्हणाले. “सरळ आली.”

मिस्त्रीने काकांच्या हातांकडे पाहिलं. एके काळी सुताचा फरक ओळखणारे ते हात. त्याला रडू येईल असं वाटलं.

“मी जरा पाय मोकळे करून येतो,” काका म्हणाले.

ते कोपऱ्यावर वळल्याबरोबर मिस्त्रीने घाईघाईने सीट उचलली. काकांच्या नजरेला पडायच्या आत पट्टी काढायला हवी होती. काकूंना दिलेला शब्द तेवढाच राहिला होता.

पट्टी होती. पोतं नव्हतं. खरखरीत कडा कोणीतरी कानशीने घासून गोल, गुळगुळीत केल्या होत्या.

पट्टीशेजारी लोखंडी चकत्या रचलेल्या होत्या, लेथवर काढलेल्या, आरशासारख्या साफ. प्रत्येकीवर बारीक अक्षरात तारीख कोरलेली. पहिली, पट्टी बसवली त्याच्या पुढच्याच आठवड्यातली. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक. मिस्त्री मोजत गेला. नऊ.

दहावी चार बोटं जाड होती, दोन्ही हातांनीही हलेना. तिच्यावर कालची तारीख होती.