आधी पिल्लं

आसारामनं चिंधी शेळीच्या दुधात बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली. पण ती पिल्लाच्या तोंडाशी न्यायचा काही त्याला धीर होईना.

"चावंल का हो, मावशी?"

"दातच न्हाईत, चावंल कशानं?" शेजारच्या खोपीतली चंद्रभागाबाई म्हणाली. शेळी तिची होती, त्यामुळं चार शब्द जास्त बोलायचा तिला हक्क होता.

आसाराम शिंपी. चाळिशी उलटली तरी त्यानं कधी साधं मांजर पाळलं नव्हतं, आणि कुत्रं दिसलं की तो गल्ली बदलायचा. पण प्लेगाच्या भीतीनं सगळं गाव रानात येऊन खोप्या घालून राहिलं. तिथं एक कुत्री व्याली. ती अजून गावात जाऊन येते म्हणून पाटलाच्या गड्यांनी तिला दगडं मारून हाकललं, ती पुन्हा दिसली नाही. तिची दोन पिल्लं लटपटत नेमकी आसारामच्या खोपीत शिरली. बाहेर काढायचं तर हात लावावा लागला असता. म्हणून ती राहिली.

"ह्याचं पोट पायाला लई गरम लागतंय. ताप तर न्हाई?"

"पिल्लाचं पोट गरमच असतंय."

"आन झोपंत पाय कावून हालवतंय?"

"त्यालाच इचार."

आसाराम खरंच वाकून बघायला लागला. पिल्लानं चिंधी पकडली, मग चिंधी सोडून त्याचं बोटच चोखायला लागलं. त्याच्या अंगावर काटा आला. तो काटा बरा वाटला, याचं त्याला मोठं नवल वाटलं.

तेवढ्यात भगवानराव पाटील आले. मागं चार माणसं आणि टोपलं घेतलेला त्यांचा गडी, राधाकिशन. गाव खाली करायचा हुकूम तहसिलीतून आला होता. परत कधी जायचं, ते काही त्यात नव्हतं. शिमगा तोंडावर आला होता. होळी गावातच पेटली पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. आत आधी कोण जाणार म्हटलं, की जो तो दुसऱ्याकडं बघायचा.

"ही बेवारशी पिल्लं गावात बांधून ठिवू," पाटील म्हणाले. "शिमग्यापस्तोर जगली, तर आजार गेला म्हनायचं. मेली, तर कुत्र्याचीच हायेत."

राधाकिशननं टोपलं खाली ठेवलं.

पाटलासमोर आसाराम कधी मान वर करून बोलला नव्हता. आत्ताही मान खालीच होती.

"बेवारशी न्हाईत, पाटील. माजी हायेत."

"तुजी? कवापासून?"

"आत्तापासून."

माणसं हसली. पाटील हसले नाहीत. "मंग तुज्या हातानं घाल टोपल्यात. समद्या गावाचं काम हाय."

आसारामला भीती वाटली, पाटलाची आणि त्याहून गावाची. ती बंद दारांची गल्ली त्याच्या डोळ्यांपुढं आली. पिल्लू मात्र बोट सोडायला तयार नव्हतं.

"दूध पाजल्याबिगर ती उद्यापस्तोर बी टिकनार न्हाईत," तो म्हणाला. "मंग तुमी म्हनाल, आजारानं मेली."

पाटील विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता.

"मंग पाजनार कोन?"

"मी जातो संगं."

आता कुणी हसलं नाही. चंद्रभागाबाईच तेवढी म्हणाली, "आरं, मानूसच चाललंय, तर पिल्लं कशाला न्यायची?"

पाटलांनी राधाकिशनला टोपलं उचलायची खूण केली. चंद्रभागाबाईनं शेळीचं दावं सोडलं आणि आसारामच्या हातात दिलं.

गाव त्याला नवंच वाटलं. त्याच्या घराच्या उंबऱ्याच्या फटीत गवत उगवलं होतं, आणि कोनाड्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. पिल्लं एकेक वस्तू हुंगत घरभर फिरली. आसाराम त्यांच्या मागं मागं फिरला. कुठं मेलेला उंदीर दिसतो का, ते बघत होता. आपलं घर इतक्या बारकाईनं त्यानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी राधाकिशन यायचा आणि वेशीबाहेरूनच हाक मारायचा. आसारामचं घर वेशीला लागूनच होतं, त्यामुळं तिथून सगळं ऐकू यायचं.

होळीच्या दिवशीही तो आला.

"आसाराम, पिल्लं जगली का?"

"जगली."

"दोन्हीबी?"

"दोन्हीबी."

"दूध पितेत का?"

"पितेत."

राधाकिशन रानाकडं पळत सुटला. जाता जाता त्यानं आरोळी ठोकली, आणि लांब रानात माणसांचा गलका उठला. लोक खोप्या मोडायला लागले असावेत.

आसाराम दारात उभा राहिला. आणखी कुणी काही विचारेल, असं त्याला उगाच वाटत होतं. मग तो खाली बसला. गाठ आधी काखेत नाहीतर जांघेत येते, हे तोवर लेकराबाळांनाही ठाऊक झालं होतं. त्यानं दोन्ही काखा नीट चाचपून पाहिल्या, जांघाही पाहिल्या. कुठं काही नव्हतं.

"मीबी हाय," तो पिल्लांना म्हणाला.