ब्रशचा एक केस

वीस वर्षं सोपानच्याच खुर्चीत दाढी करणारे ओसवालकाका समोरच्या कैलासच्या सलूनमधून गालावर हात फिरवत बाहेर पडले, आणि सोपानच्या पोटात रोजच्यासारखं दुखायला लागलं.

काका जैन. ‘तुझा ब्रश कशाच्या केसांचा रे?’ असं त्यांनी गेल्या महिन्यात विचारलं, तेव्हा सोपान म्हणाला होता, ‘मला काय कळतंय त्यातलं? दुकानदार देईल तो आणतो.’ कैलासने मात्र छातीठोक सांगितलं, ‘नायलॉनचा. कुठल्या मुक्या जनावराला त्रास नाही.’ तेव्हापासून काका तिकडे.

आज काकांच्या कानामागे, सुकल्या फेसात, ब्रशचा एक राठ केस चिकटलेला दिसला. सोपान रस्ता ओलांडून धावलाच. केस चिमटीत धरून त्याने काडी ओढली आणि त्याच्या टोकाला लावली.

‘घ्या वास! नायलॉन असता तर वितळून गोळी झाली असती. डुकराचा केस आहे हा, काका. फसवलंय त्याने तुम्हाला!’

काकांनी वास घेतला. मग सोपानकडे बघितलं.

‘हे ओळखायला तू कधी शिकलास, सोपान?’

काडी बोटांपर्यंत जळत आली, तरी ती टाकायचं त्याला सुचलं नाही.