मागून येणाऱ्या टाळ्या

गायक सारंगच्या गाण्यांचं वेड मैत्रिणींना शाल्मलीनेच लावलं होतं. पण नवरा गेल्यापासून सारंगचं कुठलंही गाणं ऐकताना ती रडायची. तिला सोबत घ्यायचं म्हणजे रुमालांची थप्पी घ्यायची. म्हणून अनघाने तिला फोनवर सांगितलं, "दोनच पास भेटले गं." मग शाल्मलीला दारव्ह्यातच ठेवून ती अंजूबरोबर यवतमाळला आली. तिसरा पास तिच्या पर्समध्येच होता.

सारंगचा कार्यक्रम दुपारचा होता. दोघींना शेवटची रांग मिळाली. पाठीमागे नुसती भिंत.

पहिलं गाणं संपलं. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर मागून एकटीच्याच टाळ्या ऐकू आल्या. शाल्मली नेहमी अशीच सगळ्यांच्या नंतर वाजवायची.

दुसऱ्या गाण्यालाही तेच झालं.

"कोण आहे वं मागं?" अंजूने समोर बघतच विचारलं.

"भिंत."

वळायची हिंमत दोघींचीही झाली नाही.

तिसऱ्या गाण्यानंतर टाळ्या थांबेचनात. अनघाने शाल्मलीच्या घरी फोन लावला. पलीकडून तो उचलला गेला आणि मागच्या टाळ्या थांबल्या.

"शालू, अजून एक पास होता गं. मी खोटं बोलली."

"माहीत आहे मले," शाल्मली मायेने म्हणाली. "पण आज मी रडून नाही राह्यली. मागं वळून पाह्य ना."