ऑफिसातला सर्वांत ठणठणीत माणूस

ऑफिसने सगळ्यांना बीपी मोजणारी घड्याळं वाटली आणि आकडे थेट साहेबांना दिसतील, असं बजावलं. त्यांतला एक पोरगा जेमतेम सत्तावीसचा, पण पहिल्याच दिवशी घड्याळ असं काही केकाटलं, की त्याने ते घरी नेऊन रिटायर झालेल्या बाबांच्या मनगटाला बांधलं. "काढू नका हं, भारीतलं आहे," एवढंच सांगितलं. बाबा पहाटे फिरून यायचे, अळणी जेवायचे आणि नवाच्या ठोक्याला घोरू लागायचे. बघता बघता पोरगा ऑफिसातला सर्वांत ठणठणीत माणूस ठरला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. साहेब म्हणाले, "तुला कसला म्हणून ताण नाही. नोकरी सोडून गेलेल्या त्या दोघांचं कामही आता तूच बघ."

तेव्हापासून त्याचं जेवण म्हणजे टेबलावरचे खारे वेफर्स आणि कॉफी. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटायची. दार बाबाच उघडायचे. "पाणी प्यायला उठलो होतो," म्हणायचे.

महिन्याभराने साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "काय रे, बीपी एवढं कशाने वाढलं? कामाचा ताण तर तू घेत नाहीस. घरी काही भानगड?"

त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. रेघ रोज रात्री नवाच्या सुमारास चढायला लागायची, चढतच राहायची, आणि त्याने दारावरची बेल वाजवली की खाली यायची.