आवळणारा हात

"पुन्हा आवळला?" मामांनी विचारलं.

नवऱ्याने मान खाली घातली. त्याच्या कृत्रिम हाताकडच्या खुर्चीत, त्याला खेटून बसलेल्या बायकोने बाही वर सारली. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

कृत्रिम हातांच्या त्या वर्कशॉपमध्ये सगळे ज्यांना मामा म्हणत, त्यांची हयात याच कामात गेली होती. तरी ते वळ त्यांनी दोनदा निरखून पाहिले. दंडाचा स्नायू आखडला की सेन्सर ते टिपणार आणि मोटर बोटं मिटवणार. हुकूम स्नायूचा, ताकद मोटरची. पण हुकमाशिवायच मोटर चालायला लागली तर? आज मनगट आहे, उद्या गळा असेल. आणि हे सेटिंग मामांनीच केलेलं.

"मला या हाताची भीती वाटते हो," नवरा रडवेला झाला. "हिला पाण्याचा ग्लास द्यायला जातो आणि हा हिचं मनगट आवळतच जातो. सोडवता सुटत नाही."

"ह्यांचा काही दोष नाही," बायको पुटपुटली.

मामा हात काढून आत घेऊन गेले. तासभर त्यांची खाटखुट चालली होती. शेवटी त्यांनी तो काट्यावर तोलला. आधीच्या वजनात ग्रॅमचाही फरक नको, नाहीतर खांदा कलतो, हा त्यांचा जुना हट्ट. मग त्यांनी तो परत चढवला.

"आठवडाभर बोटं हलली नाहीत तरी घाबरू नका. पण हात रोज घालायचा."

तो आठवडा मामांना धड घास गेला नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून ते धावायचे.

आठव्या दिवशी दोघं आली. बायकोचा हात प्लास्टर करून गळ्यात बांधलेला.

"हाड मोडलं, मामा!" नवऱ्याचे डोळे भरून आले होते. "काय करून ठेवलंत तुम्ही? आधीपेक्षा दुप्पट जोर! मोटर घरघरली आणि कचकन..."

मामा टेबलाकडे वळले. "मोटरचा आवाज ऐकलात तुम्ही?"

"या कानांनी ऐकला. हिला विचारा हवं तर."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने मान डोलावली.

मामांनी टेबलाचा खण उघडला. गेल्या आठवड्यात हातात तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा बसवून त्यांनी काढून घेतलेली मोटर तिथे होती तशी पडली होती.